ऊर्जासंकलक बिनतारी संवेदकांतील माहिती-प्रेषणाचे व्यवस्थापन : घोडबंदर रोडलगतच्या डोंगरउतारांच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाण्याच्या माजिवड्यापासून घोडबंदरपर्यंत जाणाऱ्या घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, तर दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी आहे. या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यात मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा या मूळच्या गावांभोवती गेल्या काही दशकांत उंच इमारतींची दाट वस्ती उभी राहिली. डोंगरावर पडलेले पाणी याच वस्तीतून वाट काढत खाडीला मिळते. त्यामुळे उतारावर पाणी किती मुरले, माती किंचित तरी सरकली काय, नाल्याची पातळी किती चढली, हे प्रश्न येथे केवळ भूगोलाच्या अभ्यासकांपुरते उरलेले नाहीत.

महाराष्ट्रातील अलीकडच्या चार मोठ्या व परिचित दुर्घटनांच्या तारखा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. माळीणची दरड ३० जुलै २०१४ रोजी कोसळली. ठाणे शहरातीलच कळवा येथे १९ जुलै २०२१ रोजी दरड घरावर येऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २२ जुलै रोजी, महाड तालुक्यातील तळिये गाव गाडले गेले. इर्शाळवाडीची दुर्घटना १९ जुलै २०२३ च्या रात्री घडली. चारही घटना जुलै महिन्यातील आहेत. मुंबई परिसराच्या दीर्घकालीन सरासरीनुसार मे महिन्यात सुमारे २९५ तास सूर्यप्रकाश मिळतो, तर जुलैत ७५ तासांच्या आसपास. म्हणजे दिवसाला जेमतेम अडीच तास.

डोंगरउतारावर वीजवाहिनी नसते, म्हणून तेथील संवेदक उपकरणे बहुधा सौरऊर्जेवर चालतात. ज्या महिन्यात त्यांनी सर्वाधिक माहिती पाठवावी अशी अपेक्षा असते, त्याच महिन्यात त्यांची मिळकत सर्वांत कमी असते. ऊर्जासंकलक संवेदकांविषयीचे पुष्कळसे मूलभूत संशोधन या परिस्थितीतून आलेले नाही. प्रस्तुत लेखात माहिती-प्रेषणाच्या व्यवस्थापनाची प्रमुख तत्त्वे सांगून ती घोडबंदर रोडच्या उतारांवर कितपत टिकतात, याचे विवेचन केले आहे.

संदेश पाठवण्याची किंमत

बिनतारी संवेदक उपकरण, ज्याला रूढ भाषेत ‘नोड’ म्हणतात, ते मोजणारा संवेदक, लहानसा प्रक्रियक, रेडिओ आणि ऊर्जेचा साठा यांचे बनलेले असते. ऊर्जासंकलक नोडमध्ये त्यास सौरपट्टी किंवा अन्य संकलकाची जोड असते. या घटकांत खर्चिक कोण, याचे पहिले उत्तर रेडिओ असे आहे. एक हजार बिट शंभर मीटर अंतरावर पाठवण्यास जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात सर्वसाधारण प्रक्रियक सुमारे तीस लाख सूचना पार पाडू शकतो, असा हिशोब पॉटी व कायझर यांनी २००० साली मांडला होता. त्यानंतर दोन्ही घटक सुधारले, परंतु ‘पाठवण्याआधी विचार करणे स्वस्त पडते’ हा त्यातील बोध आजही टिकून आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खर्च केवळ बोलण्याचा नसतो, ऐकण्याचाही असतो. संशोधनात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टेलॉसबी या नोडच्या रेडिओला प्रक्षेपणासाठी १७.४ मिलिअँपिअर प्रवाह लागतो, तर ग्रहणासाठी १८.८ मिलिअँपिअर. कोणाचा संदेश येईल या अपेक्षेने असा रेडिओ अखंड चालू ठेवल्यास २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे घट साडेपाच दिवसांत रिकामे होतात. त्यामुळे रेडिओ बहुतांश काळ निद्रावस्थेत ठेवून ठरावीक क्षणीच जागा करणे, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना व सर्वांत परिणामकारक उपाय ठरला.

अलीकडे लांब पल्ल्यासाठी लोरा हे तंत्र प्रचलित आहे. त्यासाठी लागणारा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा कंप्रतापट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. लोरात संदेश किती ‘पसरून’, म्हणजे किती सावकाश पाठवायचा, हे ७ ते १२ या गुणकाने ठरते. गुणक वाढला की क्षीण संकेतही दूरवर वाचता येतो, पण वेळ वाढतो. १२५ किलोहर्ट्झ पट्ट्यात दहा बाइटांचा संदेश ७ गुणकाने सुमारे ४१ मिलिसेकंदांत जातो. १२ गुणकाने त्यास जवळजवळ पूर्ण सेकंद लागतो. म्हणजे वेळ, आणि अर्थातच ऊर्जा, चोवीस पट होते. ३.३ व्होल्टवर ८७ मिलिअँपिअर घेणारा रेडिओ धरला, तर पहिल्या संदेशास ०.०१२ ज्यूल आणि दुसऱ्यास ०.२८ ज्यूल पडतात. हाच नोड दिवसभर निद्रावस्थेत १० मायक्रोअँपिअर घेत असेल, तर त्याची चोवीस तासांची झोप २.८५ ज्यूलची होते. बारा गुणकाचे दहा संदेश म्हणजे एका पूर्ण दिवसाची झोप, हे प्रमाण लक्षात ठेवले की पुढील सर्व चर्चा सुलभ होते.

मिळकतीचा अंदाज आणि ऊर्जासमतोल

केवळ घटावर चालणाऱ्या नोडपुढे एकच प्रश्न असतो : आयुष्य किती लांबवावे? ऊर्जासंकलक नोडचा प्रश्न निराळा आहे. त्याला कमी खर्च करूनही तोटाच होऊ शकतो, कारण साठा भरलेला असताना आलेली ऊर्जा वाया जाते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अमन कंसल, मणी श्रीवास्तव व सहकाऱ्यांनी २००७ साली ‘ऊर्जासमतोल’ ही कल्पना व्यवस्थित मांडली. दीर्घ मुदतीत खर्च मिळकतीपेक्षा अधिक नसावा आणि उपलब्ध मिळकतीत कार्य मात्र कमाल व्हावे, हा तिचा गाभा. आपल्याकडील ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण त्यास लागू पडते. फक्त येथे अंथरूण मोठे असताना पाय आखडून बसणेही चूक ठरते.

समतोल साधण्यासाठी उद्याची मिळकत आज कळावी लागते. कंसल प्रभृतींनी दिवसाचे अर्ध्या तासाचे ४८ भाग पाडले आणि प्रत्येक भागाची मिळकत मागील दिवसांच्या त्याच भागाच्या भारित सरासरीवरून अंदाजली. काल दहा वाजता जेवढे ऊन होते, साधारण तेवढेच आज दहा वाजता असेल, हे त्यातील गृहीतक. नोव्हेंबर ते मे या काळात ठाण्यातही ते खरे ठरते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र ते एका दिवसात कोसळते, आणि नोड आणखी काही दिवस कालच्या उन्हाच्या भरवशावर खर्च करीत राहतो. या उणिवेवर २००९ साली सुचवलेल्या हवामानसापेक्ष सरासरीने काही उपाय केला. तीत आज सकाळी प्रत्यक्ष आलेले ऊन पाहून दुपारचा अंदाज दुरुस्त केला जातो. तरीही ही दुरुस्ती काही तासांपुरती आहे. चार महिने चालणाऱ्या ऋतूची तीत दखल नाही.

गणिती अंगाने पाहता सर्वांत सुबक निष्कर्ष जिंग यांग व सेन्नूर उलुकुश यांच्या २०१२ च्या लेखात आढळतो. प्रक्षेपणशक्ती दुप्पट केल्याने माहितीचा वेग दुप्पट होत नाही. वाढ उत्तरोत्तर मंदावते. म्हणून शक्ती शक्यतो एकसारखी ठेवणे हितकारक असते. परंतु उद्या येणारी ऊर्जा आज खर्चता येत नाही. या दोन अटी एकत्र केल्या, की साठा अमर्याद असताना शक्तीचा आलेख पायऱ्यापायऱ्यांनी केवळ चढत जातो, कधी उतरत नाही, असे सिद्ध होते. साठा मर्यादित असेल तर तो ओसंडून वाहू नये, ही तिसरी अट येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विनोद शर्मा व सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले की, साठा पुरेसा मोठा असल्यास सरासरी मिळकतीपेक्षा किंचित कमी असा स्थिर खर्च ठेवणे माहितीचा ओघ कमाल करण्यास पुरेसे आहे. हा निष्कर्ष जितका साधा, तितकाच उपयुक्त आहे. त्यात प्रत्येक बिटाचे मोल मात्र सारखे धरले आहे. फेब्रुवारीतील कोरड्या मातीचे मापन आणि जुलैतील मुसळधार रात्रीचे मापन यांत भेद केलेला नाही. दळणवळणशास्त्राच्या दृष्टीने तो करण्याचे कारणही नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र आहे.

येऊरच्या उतारावरील तिहेरी अडचण

पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीची सौरपट्टी आणि सर्व गळती धरून दहा टक्के कार्यक्षमता असे गृहीत धरू. मोकळ्या जागी एप्रिलमध्ये दर चौरस मीटरला दिवसाकाठी साडेसहा किलोवॉट-तास प्रारण आल्यास ही पट्टी ५,८०० ज्यूल देते. जुलैत ढगांमधून ३.७ किलोवॉट-तास पोहोचले तरी ३,३०० ज्यूल मिळतात. म्हणजे केवळ ढगांमुळे मिळकत निम्म्याच्या थोडी वर राहते, आणि नोडची गरज पाहता ती भरपूरच आहे. इमारतीच्या गच्चीवर हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही.

जंगलात तो उद्भवतो. येऊरचे वन प्रामुख्याने मिश्र पानझडी आहे. एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो आणि निम्मा प्रकाश खाली उतरतो असे धरले, तर नोडला २,९०० ज्यूल मिळतात. जुलैत छत्र मिटलेले असते. पानांखाली तीन टक्के प्रकाश पोहोचला, तर मिळकत १०० ज्यूल, आणि सलग अंधाऱ्या दिवसांत त्याच्याही तिसऱ्या हिश्शावर येते. ढग आणि पाने यांनी मिळून मिळकत एकोणतीस पटींनी घटते. तिसरी अडचण खर्चाच्या बाजूची आहे. या कंप्रतेवर पावसाच्या थेंबांनी संकेत फारसा क्षीण होत नाही, पण भिजलेली दाट पाने तो शोषतात. उन्हाळ्यात सात किंवा आठ गुणकाने पोहोचणारा संदेश पावसाळ्यात अकरा-बारा गुणकाने पाठवावा लागला, तर त्याची किंमत अनेक पटींनी चढते. मिळकत घटते आणि त्याच आठवड्यात दर वाढतात.

आता हिशोब मांडता येतो. बारा गुणकाने दर मिनिटाला एक संदेश पाठवल्यास दिवसाला ४१० ज्यूल लागतात. ते शक्य नाही. दर पंधरा मिनिटांनी पाठवल्यास झोप धरून ३० ज्यूल लागतात; अंधाऱ्या दिवसाच्या मिळकतीत ते कसेबसे बसते. मात्र मापनाचा खर्च यात धरलेला नाही. मातीतील पाण्याचा दाब मोजणारा, १२ व्होल्टवर २० मिलिअँपिअर घेणारा संवेदक दोन सेकंद चालू ठेवल्यास ०.४८ ज्यूल लागतात, म्हणजे संदेशापेक्षाही अधिक. माहिती-प्रेषणावरील लेखांत या खर्चाचा उल्लेख क्वचित येतो.

मोठा घट लावून प्रश्न सुटणार नाही काय, अशी शंका येथे रास्तपणे घेतली जाते. काही अंशी सुटतो. एका साध्या लिथियम-आयन घटात सुमारे २६,००० ज्यूल मावतात; पावसाळ्याच्या १२० दिवसांना वाटल्यास दिवसाला २२० ज्यूल येतात. कोकणात व ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, धान्य, सरपण यांची जी बेगमी केली जाते, तिला ‘आगोट’ म्हणतात. नोडच्या बाबतीत घट ही आगोटच होय. ५० फॅरडचा, २.७ व्होल्टचा सुपरकपॅसिटर मात्र निम्म्या व्होल्टपर्यंत वापरून १३७ ज्यूलच देतो. तो एखादी रात्र पार करून देईल, आषाढ नाही. तेव्हा दैनिक समतोलाऐवजी वार्षिक समतोल हे ध्येय ठेवणे येथे प्राप्त ठरते : मे अखेरीस साठा पूर्ण भरलेला असावा, आणि त्यानंतरचा खर्च रोजच्या मिळकतीवर न ठरता उरलेल्या पावसाळ्याच्या दिवसांवर ठरावा. घट काही वर्षांत क्षीण होतात आणि एकाच्या जागी शेकडो नोड असतात, ही मर्यादा राहतेच; म्हणून प्रेषणाचे नियमन टळत नाही.

कंपनापासून ऊर्जा मिळवण्याचा पर्याय अधूनमधून सुचवला जातो. अवजड वाहनांनी गजबजलेल्या या रस्त्यालगत तो आकर्षक वाटतो खरा. परंतु अशा संकलकाचे उत्पन्न सहसा मायक्रोवॉटच्या घरात असते आणि ते वाहने चालू असतानाच मिळते. घोडबंदर रोडच्या नित्याच्या प्रवाशांना या अटीतील अडचण सांगण्याची गरज नाही.

काय पाठवावे, काय राखून ठेवावे

मिळकतीच्या प्रमाणात बोलणे हा नियम येथे सोडून द्यावा लागतो, कारण तो नोडला जुलैमध्येच गप्प करतो. त्याऐवजी मापनाच्या मोलाच्या प्रमाणात बोलणे, हा नियम हवा. रॉय येट्स यांनी २०१५ साली ऊर्जासंकलक स्रोतांविषयी दाखवले की, ऊर्जा हाती येताच संदेश पाठवणे सर्वोत्तम नसते. नुकताच संदेश गेला असेल तर थांबणेच माहिती ताजी ठेवण्यास अधिक उपकारक ठरते. उतारांच्या बाबतीत याच्या पुढे जाता येते. माती स्थिर असेल तर ताजेपणालाही मोल नाही. मोल बदलाला आहे. मागील पाठवलेल्या मूल्यापासून ठरावीक फरक पडला तरच संदेश पाठवावा, अन्यथा मापन स्मृतीत साठवावे, ही पद्धत साधी असून खर्च मोठ्या प्रमाणात कमी करते.

केरळातील मुन्नार येथील अँथोनियार कॉलनीत अमृता विश्व विद्यापीठम् ने उभारलेल्या दरड-इशारा यंत्रणेत पावसाच्या पातळीनुसार मापनाची वारंवारता वाढवण्याची सोय आहे. येऊरसाठीही हेच तत्त्व लागू पडेल, कारण पर्जन्यमापक जवळजवळ ऊर्जा न घेता चालतो. त्याची पन्हळी भरून उलटली की एक विद्युतसंकेत निर्माण होतो आणि झोपलेला प्रक्रियक जागा होतो. स्वस्त संवेदकाने महागड्या संवेदकाला उठवावे, असा हा श्रमविभाग आहे.

महाराष्ट्रातील प्रयत्नांत राष्ट्रीय उद्यानाच्याच पलीकडच्या पायथ्याशी असलेल्या पवई येथील आयआयटी मुंबईचे नाव अग्रक्रमाने येते. उदय देसाई व सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली ‘सेनस्लाइड’ ही रचना पश्चिम भारतातील पावसाळी दरडींसाठीच होती. थोड्या महागड्या संवेदकांऐवजी पुष्कळ स्वस्त नोड वापरावेत आणि त्यांतील काही बंद पडणार हे गृहीत धरून जाळे आखावे, असा तिचा विचार होता. ६५ नोडांच्या प्रयोगशालेय जाळ्यावर तिची चाचणी झाली. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेल्या ‘ब्रिमॉन’ या रेल्वेपूल-निरीक्षण रचनेत (२००८) आणखी एक उद्बोधक युक्ती आहे : गाडी जवळ येताच नोड जागे होतात, पुलाची कंपने मोजतात आणि साठवलेली माहिती पुढे त्या पुलावरून जाणाऱ्या गाडीच्याच हवाली करतात. लांब पल्ल्याचा महाग संदेश टळतो. तातडीची नसलेली माहिती ठाणे परिवहनच्या बसवरील ग्राहकयंत्राकडे अशीच सोपवता येणे अशक्य नाही. इशारा मात्र बसची वाट पाहू शकत नाही.

पुणे येथील भूकेंद्रात उपग्रहामार्फत माहिती पाठवणाऱ्या भारतीय हवामान विभागाच्या स्वयंचलित केंद्रांचा अनुभवही येथे जुळतो. ही केंद्रे सौरपट्टीवर चालतात. आरंभीच्या पद्धतीत प्रत्येक केंद्र एकच संदेश यादृच्छिक क्षणी एकाहून अधिक वेळा पाठवीत असे, कारण दोन केंद्रांचे संदेश एकमेकांवर आदळले तरी एखादा पोहोचावा. पुढे अचूक घड्याळाच्या आधारे प्रत्येक केंद्राला स्वतःचा ठरलेला कालखंड देणारी पद्धत आली आणि पुनरुक्तीची गरज संपली. घड्याळ सांभाळण्याचा खर्च वाचलेल्या संदेशांपेक्षा कमी पडतो.

घोडबंदर रोडची एक जमेची बाजूही आहे. वाघबीळ वा कासारवडवलीच्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर वीज अखंड उपलब्ध असते आणि तेथून उतार समोर दिसतो. ऐकण्याचा सर्व भार अशा ठिकाणच्या केंद्रयंत्रावर टाकल्यास जंगलातील नोडांना एकमेकांचे संदेश पुढे नेण्यासाठी जागे राहावे लागत नाही. ग्रहणाचा जो खर्च आरंभी सर्वांत मोठा दिसला होता, तो येथे जवळजवळ नाहीसा होतो.

मौनाचा अर्थ

बदल झाला तरच बोलणाऱ्या नोडची एक गंभीर अडचण आहे. तो गप्प असेल, तर उतार स्थिर आहे, की घट संपला आहे, की नोडच मातीखाली गेला आहे, हे केंद्राला कळत नाही. काटकसरीच्या नावाखाली हे तिन्ही अर्थ एकत्र होणे धोक्याचे आहे. म्हणून काहीही घडले नसतानाही ठरावीक अंतराने ‘चालू आहे’ असा संदेश जाणे आवश्यक ठरते. दर सहा तासांनी, बारा गुणकानेही, असा संदेश पाठवल्यास दिवसाला १.१ ज्यूल लागतात. जोरदार पाऊस मोजला जात असताना हे अंतर अर्ध्या तासावर आणावे; त्या दिवसाचा खर्च सुमारे १४ ज्यूल होईल, आणि बेगमी केली जाते ती याच दिवसांसाठी. केंद्राच्या बाजूनेही नियम हवा. पावसात एका नोडचे लागोपाठ दोन संदेश चुकले आणि शेजारचे नोड बोलत असले, तर त्याची नोंद ‘माहिती नाही’ अशी न होता ‘तपासणी आवश्यक’ अशी झाली पाहिजे.

याच संदेशात घटाचा व्होल्ट आणि दिवसाची मिळकत हे दोन आकडे घातल्यास त्याची लांबी तीन-चार बाइटांनीच वाढते. फेब्रुवारी ते मे या काळात कोणती पट्टी बांधकामांच्या धुळीने माखली आहे, कोणती पालापाचोळ्याखाली गेली आहे आणि कोणाचा घट भरण्यास नाकारतो आहे, हे त्यातून कळते. नोड दुरुस्त करणाऱ्याला डोंगर चढायचा असतो तो वाटा निसरड्या होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत.